अर्थिंगचा खड्डा

अंगणात फरशी बसवली त्याच उन्हाळ्यात माझा ॲम्प्लिफायर घूं करायला लागला. गाणं बंद केलं तरी घूं चालूच, आणि त्याच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. केबल बदलल्या, स्पीकर हलवले, काही फरक पडेना. माझं डोकं फिरलं. घराचं वायरिंग ज्यानं केलं होतं त्या वायरमनला मी नांदुऱ्याहून बोलावलं आणि शेजारी ऐकतील अशा आवाजात सुनावलं, "काम जमत नाही तर घेता काऊन?"

तो वयानं माझ्यापेक्षा मोठा. टेस्टर लावून पाहून तो अंगणात गेला. "भाऊ, अर्थिंगचा खड्डा कुठी गेला?"

खड्डा फरशीखाली होता. माती ओली राहिली तरच अर्थिंग नीट लागतं, म्हणून माझी बायको दर उन्हाळ्यात तिथं भांडी धुतलेलं पाणी ओतायची. त्यानंच तिला तसं सांगितलं होतं. पाहुण्यांना चिखल दिसतो म्हणून मी तिच्यावर ओरडलो होतो आणि वर फरशी टाकून घेतली होती.

त्यानं एक फरशी उचकटली, चार बादल्या पाणी ओतलं. थोड्या वेळानं घूं जवळजवळ गेली.

बायकोनं आतून विचारलं, "काय झालं होतं हो?"

"काही नाही, यांचंच एक कनेक्शन ढिलं राह्यलं होतं," मी म्हणालो.

तो दारात चपला घालत होता.

"हाव वहिनी," तो म्हणाला, "माहीच चूक होती."