हळदीतला पुष्कराज

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी जवाहर चौकातील त्या अंगठीचे प्रकरण माझ्या मनातून गेलेले नाही; त्याचा संतापही गेलेला नाही.

फिर्यादी बाई इंद्रपुरीत एकट्या राहत. विदर्भातून या हिंदी मुलखात येऊन कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून राबलेले त्यांचे यजमान वारले होते. त्यांची पुष्कराजाची अंगठी स्वतःच्या बोटात बसावी म्हणून बाईंनी ती सराफाकडे लहान करायला दिली. परत आली तेव्हा खडा फिकट, पाण्यासारखा.

"साहेब, हा यांचा खडा नव्हे. बदलला मेल्याने! यांचं एवढंच होतं माझ्याजवळ."

त्यातच बाजारातून खबर मिळाली, की हा सराफ खडे बदलतो. अंगठी जप्त करून तपासणीला पाठवली. अहवाल आला: पुष्कराज नव्हे, सुनेला, म्हणजे स्फटिकाच्या जातीचा, पुष्कराजाहून फार स्वस्त असा पिवळा खडा. मी सराफाला समोर बसवले.

"साहब, जो नग आया था, वही गया है. मैंने छल्ला काटा और अंगूठी धोई. बस."

"धोने से पुखराज का पानी हो जाता है?"

त्याने पुन्हा तेच सांगितले.

बाई दर गुरुवारी ठाण्यात येत, दारालगतच्या बाकावर बसत. हवालदार डब्याकडे पाहून विचारी, "अम्मा, आज क्या लाई हो?"

"तेरे लिए कुछ नहीं. पहले केस कर, फिर चकली खा."

मग डबा त्याच्याच हाती जाई.

एका गुरुवारी पुरवणी जबाबासाठी मी त्यांच्या घरी गेलो. पूजा चालू होती. बाई देवांना ओली हळद लावत होत्या. "अंगठीलाही लावत असे मी," त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासून दर गुरुवारी. गुरूचा खडा ना!"

मी तिथेच थबकलो. ग्रहाच्या खड्याची अंगठी मागून उघडी ठेवतात, खडा त्वचेला लागावा म्हणून. हळद तिथेच शिरून वाळत राहिली होती; सराफाने अंगठी धुतली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात, पंचांसमक्ष, मी खड्याच्या मागे ओली हळद भरली. खडा गडद सोनेरी झाला. बाई टेबलावर वाकल्या.

"हाच! हाच यांचा पुष्कराज!"

कोंदणही भिंगाखाली पाहिले. ते कधी उचकटलेलेच नव्हते. सराफ खरे बोलत होता. खबर त्याच्या प्रतिस्पर्ध्याची निघाली. आता बाईंना उरलेले सांगणे भाग होते: खडा पहिल्यापासूनच सुनेला होता.

त्यांनी विचारले, "म्हणजे यांना कुणी फसवलं, की यांनी मला?"

यजमान हयात नव्हते, विक्रेता अज्ञात, पावती नाही. कायद्याला विचारता येईल असा माणूस उरला नव्हता. मी अंगठी त्यांच्या हाती दिली.

"म्हणजे आता गुरुवारी यायला नको," त्या म्हणाल्या, आणि रिकामा डबा पिशवीत ठेवला.

सुनेला विकणे गुन्हा नव्हे. तो देखणा, टिकाऊ खडा आहे. बाजारातला बराचसा सुनेला जांभळा स्फटिक भाजून पिवळा केलेला असतो. तोही सांगून विकला तर तक्रार नाही. पण सुनेल्याला पुष्कराज म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. म्हणून पावतीवर खड्याचे नाव, वजन आणि तो भाजलेला आहे की नाही, हे लिहून घ्या. 'पीला नग' एवढेच लिहिणाऱ्याच्या दुकानाची पायरी चढू नका. दुरुस्तीला देण्यापूर्वी दागिना स्वच्छ करून नीट पाहा. आपलाच खडा आपल्याला ओळखू येत नाही.

पावतीवर हे सारे लिहिणे सक्तीचे करा, या मागणीची पत्रे मी ग्राहक तक्रारींच्या कार्यालयाला पाठवत असतो. उत्तर आले नाही की स्वतः जातो. या वेळी लेखी उत्तर आले होते, तरी गेलो. मला बाकावर बसलेला पाहून शिपायाने विचारले, "अंकल, आपका काम तो हो गया ना?"

घरी कुलूप होते, वाट पाहणारे कुणी नव्हते. मी पिशवी मांडीवर घेतली.

"नहीं," मी म्हणालो. "अभी एक मुद्दा बाकी है."