सुनेत्राच्या घराण्याची रीत

सुनेत्रा खोटं बोलायची नाही. पण खऱ्याला थोडी फोडणी दिल्याशिवाय ते तिच्या तोंडून बाहेर पडायचं नाही, त्याला ती तरी काय करणार? शाळेत उशीर झाला की वाटेत बैल होता म्हणून सांगायची. बैल असायचाही. तो बांधलेला होता एवढंच सांगायचं राहून जायचं. बाई तिला वर्गात घ्यायच्या आणि ती मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसायची.

हा गुण तिच्यात आला कुठून, हे तिच्या वडिलांना भेटल्यावर कळायचं. धर्मराजआप्पा अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होते. संगमेश्वरकडचे. गावी दोन खोल्यांचं घर आणि चार आंब्याची झाडं एवढाच पसारा, पण आप्पांचं प्रत्येक वाक्य ‘आमच्या घराण्यात’ इथून सुरू व्हायचं. आमच्या घराण्यात कोणी उभ्याने पाणी पीत नाही, आमच्या घराण्यात मंगळवारी नवी चप्पल घालत नाहीत. आई लग्न होऊन आली तेव्हा तिने या रीती पाठ करायला घेतल्या होत्या. पण त्या दर महिन्याला वाढायला लागल्या तेव्हा तिने नाद सोडून दिला.

अठ्ठ्याऐंशी साली सुनेत्राचं बी.ए.चं दुसरं वर्ष संपलं आणि आप्पांनी जाहीर केलं की आता चांगलं स्थळ आलं तर उरकून टाकायचं. तिसऱ्या वर्षाचं काय, तर ते सासरी जाऊन करेल. सासरी जाऊन शिकलेल्या मुली आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. त्यांची पुस्तकं माळ्यावर असतात आणि त्या गॅसपाशी. सुनेत्राला ती पदवी हवी होती, अगदी मनापासून हवी होती. त्यांच्या घरात बाई सोडा, बाप्यालाही नावापुढे अक्षरं लागलेली नव्हती. आप्पांशी वाद घालून उपयोग नव्हता, कारण वादात घराणं यायचं. म्हणून ती गप्प राहिली आणि स्थळ येऊ नये म्हणून देवाला नारळ बोलली.

देवाने नारळ घेतला की नाही माहीत नाही, पण मध्येच चिंतामणी सर आले. चिखलोलीच्या बाजूला, शेतांच्या कडेला सुनेत्राचं कॉलेज दोन-तीन वर्षांपूर्वीच निघालं होतं आणि सर तिथे अर्थशास्त्र शिकवायचे. बारावीचा निकाल लागला की अंबरनाथ-बदलापूरची पोरं उल्हासनगरला नाहीतर कल्याणला पळायची. इकडचे बाक रिकामे. मुली तर बोटावर मोजण्याइतक्या. संस्थेने सरांना सुनावलं होतं की मुली आणा. परदेशात म्हणे विद्यार्थीच येणाऱ्या पालकांना कॉलेज दाखवतात, असं सरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. त्यांनी ठरवलं, आपणही प्रवेश मेळावा घ्यायचा आणि ‘विद्यार्थी राजदूत’ नेमायचे. हे ऐकून पोरांनी लगेच विचारलं की सर, गाडी कधी मिळणार.

पोरांना नेमलंही होतं. पण पहिल्याच रविवारी त्यांनी पालकांना खरं सांगून टाकलं, की पंखे फिरत नाहीत आणि लायब्ररीची किल्ली शिपायाच्या घरी असते. सरांनी त्यांना पाण्याच्या पिंपावर बसवलं आणि चार मुली निवडल्या. त्यांत सुनेत्रा पहिली. सर स्वतः उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात गेले, सिंधी दुकानदाराला ‘साईं, साईं’ करत घासाघीस केली आणि एकसारख्या चार मोरपंखी साड्या घेऊन आले. पालक आले की त्यांना वर्गात बसवायचं. मग मुलीने साडी नेसून पोहे आणि चहा घेऊन आत यायचं, नमस्कार करायचा, खाली मान घालून आपलं नाव, गाव आणि शिक्षण सांगायचं. त्यानंतर कॉलेजची माहिती. खाली मान हे सरांनी मुद्दाम सांगितलं होतं, नम्रता दिसावी म्हणून. चिंतामणी सरांचं लग्न झालेलं नव्हतं, नाहीतर पुढचं सगळं त्यांना आधीच दिसलं असतं.

पालक आले ते मुलाच्या प्रवेशासाठी. पोह्यांची बशी हातात आली, समोर मुलगी आली, आणि पुढचे प्रश्न आपोआप तोंडात आले. गाव कोणतं? भाऊ किती? भाकरी येते का? फीचं विचारायचं राहूनच गेलं. एका बाईने सुनेत्राला दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं आणि सुनेत्राने प्रयोगशाळा दाखवण्याच्या निमित्ताने चालूनही दाखवलं. उल्हासनगरचे एक सिंधी गृहस्थ तेवढे कॅन्टीनमध्ये दाल-पकवान मिळतं का एवढंच विचारून गेले. पुढच्या रविवारपासून मात्र गावोगावच्या बायका बरोबर कोणताही विद्यार्थी न आणताच मेळाव्याला येऊ लागल्या. गर्दी बघून सर हरखले.

बनूबाई त्यांच्यातलीच. बदलापूरच्या पलीकडच्या गावची, घरची भातशेती, नवरा बुधाजी गावात वजनदार. मुलगा हरिचंद्र एमआयडीसीत कायम झालेला. बरोबर मुलगी विठा होती. विठा बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती, पण तिच्या प्रवेशाचा विचार कुणाच्या डोक्यातही नव्हता. बसची पाटी वाचायला कोणीतरी हवं म्हणून तिला आणली होती. ती मागे बसून कॉलेजचं माहितीपत्रक वाचत होती, दोन्ही बाजूंनी, पुन्हा पुन्हा. बनूबाईने आडनाव विचारलं, कूळ विचारलं, आणि आपल्यातलीच निघाली म्हटल्यावर सरळ आप्पांचा पत्ता मागितला.

असं स्थळ आप्पा हातचं जाऊ देणार नव्हते. आणि मग सुनेत्राच्या जिभेने नेहमीप्रमाणे बैल आडवा घातला.

“पत्ता देते, मावशी. पण आमच्या घराण्यात एक रीत आहे,” ती खाली मान घालूनच म्हणाली. “ज्या घरातली मुलगी कॉलेजात नाही, त्या घरात आम्ही मुलगी देत नाही.”

मागे माहितीपत्रक उलटणारे विठाचे हात थांबले. बनूबाईने कपाळाला आठ्या घातल्या आणि पोहे संपवून निघून गेली. उपाय लागू पडला म्हटल्यावर सुनेत्राने ती रीत येईल त्या प्रत्येक आईला सांगायला सुरुवात केली. आपण चांगलं काम करतो आहोत अशीही तिची हळूहळू समजूत झाली.

पण स्थळं ती. दारात सांगून परत फिरणारी थोडीच? ती आप्पांकडे चहाला येऊ लागली. पहिल्या पाहुण्याने “तुमच्या घराण्याची ती रीत जरा अवघड हो” असं म्हटलं तेव्हा आप्पा क्षणभर बावचळले. मात्र आपल्या घराण्याची रीत आपल्यालाच ठाऊक नाही, हे परक्या माणसापुढे कबूल कसं करायचं? त्यांनी गंभीरपणे मान हलवली. दुसऱ्या पाहुण्याला त्यांनी सांगितलं की रीत आजोबांपासूनची आहे. त्यापुढच्याला, याच कारणावरून आजीने एक वऱ्हाड गावच्या वेशीवरून परत पाठवलं होतं. आजीच्या काळात पंचक्रोशीत कॉलेज सोडा, चौथीपुढे शाळा नव्हती, पण हे कोणी विचारलं नाही. आई एकदा सुनेत्राकडे बघायची, एकदा आप्पांकडे, आणि पदर तोंडाला लावून आत जायची.

इकडे कॉलेजात नवल घडलं. काही घरांत ही रीत वर्मी लागली. आमची मुलगी शिकलेली नाही म्हणून आम्हाला नाही म्हणतात काय, दाखवतोच, असं म्हणत माणसं मुलींना घेऊन अर्ज भरायला आली. मुलींची तुकडी बघता बघता भरली. संस्थेने चिंतामणी सरांचा सत्कार केला. सरांनी श्रेय पोह्यांना दिलं आणि त्यांत दाणे वाढवले.

गणपती उठले आणि पुढच्याच रविवारी बुधाजी, बनूबाई, हरिचंद्र आणि विठा आप्पांच्या दारात उभे राहिले. नारळ, पेढे, साडी, सगळी तयारी होती. बुधाजीने खिशातून विठाचं कॉलेजचं ओळखपत्र काढलं आणि टिपॉयवर ठेवलं. आम्ही रीत पाळली, आता तुम्ही शब्द पाळा, असं तो शांतपणे म्हणाला.

इतके दिवस रीत सांगून स्थळं परत पाठवायची आप्पांना गोडी लागली होती. हरिचंद्रात नाव ठेवायला जागा नव्हती, तीच पंचाईत. तो बिचारा आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत बसला होता. आप्पांनी चाचरत तिसऱ्या वर्षाचा विषय काढला. लगीन दिवाळीनंतर करू, पोर आमच्याकडे येऊन शिकल, बुधाजी म्हणाला. आणि बनूबाईने अगदी साधेपणाने सांगून टाकलं की सून घरात आली म्हणजे विठाचंही कॉलेज थांबवता येईल, रीतीपुरतं जाऊन झालं, आता रोज बसभाडं कशाला.

सुनेत्रा दाराआड हे ऐकत होती. तिला फार वाईट वाटलं, आणि स्वतःपेक्षा विठाचं जास्त वाटलं. आपण आडव्या घातलेल्या बैलाने आपल्यालाच तुडवलं ते ठीक, पण ही पोर दोन महिने कॉलेजात पहिल्या बाकावर बसत होती, सुट्टीत सुनेत्राच्या मागे फिरत प्रश्न विचारत होती, आणि तिला नुसती शिक्क्यासारखी वापरून बाजूला ठेवणार होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून सुनेत्रा पुढे झाली. तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदाच तिला काही सुचलं नाही.

तेव्हा कोपऱ्यातून विठा बोलली.

“काका, तुमची रीत नीट सांगा ना. मुलगी कॉलेजात गेलेली पायजे, का शिकलेली पायजे?”

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग दारातल्या सुनेत्राकडे पाहिलं, बराच वेळ. मग ताठ बसले.

“शिकलेली,” ते म्हणाले. “पदवीधर. आमच्या घराण्यात अर्धवट काही चालत नाही.”

“मग मला तीन वर्षं लागतील,” विठा म्हणाली. “तवर ताईचं पण शेवटचं वर्ष होऊन जाईल. आपली रीत पुरी झाली की बोलू.”

बनूबाईचा पेढा हातातच राहिला. बुधाजीने मुलीकडे असं पाहिलं जणू ही कोण कुठली आपल्या मागोमाग आत आली. हिला असं बोलायला कोणी शिकवलं, त्याने विचारलं. विठाने सुनेत्राकडे बोट केलं.

बुधाजीने सुनेत्राला नीट न्याहाळलं. मग आप्पांना हात जोडले.

“शेट, राग मानू नका. पण आता सून नको. अशी घरात एक हाय, तेवढी बस.”

हरिचंद्राने आल्यापासून पहिल्यांदा मान वर केली आणि तो मोकळेपणाने हसला. बनूबाई चिडली, साडी परत पिशवीत घालू लागली, आणि जाता जाता विठाला म्हणाली की उद्यापासून घरात बस. पण बुधाजीने टिपॉयवरचं ओळखपत्र उचलून विठाच्या हातात दिलं. मी गावभर सांगून बसलोय पोरगी कॉलेजात हाय, तो बायकोला म्हणाला, मधेच काढली तर लोक म्हंतील नापास झाली. गावात मान खाली घालण्यापेक्षा बसभाडं बरं, हे बनूबाईलाही पटलं.

पाहुण्यांना रिक्षात बसवून आप्पा परत आले. सुनेत्रा ओरडा खायच्या तयारीने उभी होती. आप्पा खुर्चीत बसले, उगाच टिपॉय सरळ केला.

“ही रीत आपल्यात कधीपासून आहे?” त्यांनी विचारलं.

“जूनपासून, आप्पा.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. आप्पांनी हसू येऊ नये म्हणून ओठ आवळून धरले, ते तिला दिसलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

“लोकांच्या मुलींना लावत बसलो,” ते म्हणाले. “आपल्या मुलीला लावायची राहिली.”

सुनेत्राच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी तिने त्याला कसलीही फोडणी दिली नाही. आप्पांनी बुशकोटाच्या खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं.

“तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेचा अर्ज आण. सही करतो.”