रस्त्यातलं पेव

आमच्या गावचा पूल म्हणजे पूल नव्हताच. नदीच्या पात्रात दगड बसवून केलेला बुटका रपटा होता. पाऊस बरा झाला की तो चार-चार दिवस पाण्याखाली जायचा आणि अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे बसून राहायचे. कापसाच्या दिवसांत मंगरूळपीरकडे जाणाऱ्या गाड्यांपैकी त्याच्यावरून एका वेळी एकच निघे. समोरून दुसरी आली की आधी बैलांची शिंगं भिडायची, मग गाडीवानांची तोंडं सुटायची, आणि अडकलेल्या गाड्यांची रांग थेट आमच्या दारापर्यंत यायची. आम्हा पोरांना तो फुकटचा तमाशा होता. त्यामुळे रपटा काढून उंच कमानींचा पूल होणार आणि रस्ता दोन गाड्या निघतील एवढा रुंद होणार असं कळलं तेव्हा मोठी माणसं खूष झाली, मी मात्र हिरमुसले.

ओव्हरसियर आला, फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारून गेला. रेषा आमच्या ओट्याच्या पायरीला चाटून गेली. घर वाचलं. पण घरासमोरची मोकळी जागा सगळी रस्त्यात गेली, आणि त्या जागेच्या पोटात आमचं पेव होतं.

पेव आता कोणाला ठाऊक असणार? जमिनीत खोल खोदलेलं धान्याचं कोठार. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं. आतून लिंपायचं, कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि फरशीवर माती लोटायची. मग वरून गुरं जावोत की गाड्या. त्यात किती आहे हे घरच्या बायकांनाही सांगत नसत. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण पेवाची एक खोड होती. ते चोरून उघडता यायचं नाही. आत कोंडलेली हवा माणसाला मारते, म्हणून फरशी काढून दिवस-दिवस उघडं ठेवावं लागे, कंदील सोडून बघावा लागे, आणि त्याचा वास दोन गल्ल्या पलीकडे जाई. पेव उघडलं की गावाला कळलंच.

रस्त्याच्या कामावरच्या मिस्त्रीनं बाबांना पेवाचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "रिकामं हाय. बुजून टाका." गावात कोणालाच यात नवल वाटलं नाही. आमचं पेव रिकामं असल्याचं गावाला चार वर्षांपासून माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी, मी सात वर्षांची असताना, पावसानं तोंड फिरवलं होतं. ज्वारीची ताटं गुडघ्याएवढी होऊन वाळली. गावातली माणसं दारोदार धान्य मागत फिरली. आमच्याकडे आली तेव्हा बाबांनी सांगितलं की पेव रिकामं आहे. त्या वर्षी आमच्या घरात रानात उगवणाऱ्या तरोट्याची भाजी आणि पाण्यासारखी आंबील असे. आई तिच्या वाटची भाकर मोडून आमच्या ताटात टाकायची आणि लुगडं पोटाशी आवळून बांधायची. घरात असं असताना पेव भरलेलं असेल हे कोणाच्या मनात येईल? माझ्या तर नाहीच आलं.

त्याच वर्षी एका दुपारी किन्हीराजाहून आत्या आली, बाबांची धाकटी बहीण. एवढ्या लांबून चालत आली होती आणि कडेवर वर्षाचा मुलगा होता. आई पाण्याला गेली होती. बाबांनी आतूनच आत्याला पाहिलं आणि मला जवळ ओढून म्हणाले, "तिले सांग, बाबा घरी नाही. पेव रिकामं हाय म्हना."

मी बाहेर जाऊन सांगितलं. आत्या ओट्यावर बसली होती. तिनं मला विचारलं, "तू पायलं काय व?"

"हो," मी म्हटलं, "मी सोता उतरली होती आत."

मला कोणी एवढं सांगायला लावलं नव्हतं. पेवात मी जन्मात उतरले नव्हते. बाबांनी मोठ्या माणसाचं काम सांगितलं म्हणून मी फुगले होते, आणि काम चोख व्हावं म्हणून पदरचं घातलं. आत्या माझ्याकडे बघत राहिली, तांब्याभर पाणी प्याली आणि पोराला घेऊन निघून गेली.

तो मुलगा दिवाळीच्या आत वारला. तापानं की भुकेनं, कोणी नीट सांगितलं नाही. भाऊबीजेला आत्या आली नाही, त्या वर्षी नाही आणि पुढंही नाही. तिचा निरोप नाही की गाऱ्हाणं नाही. मला माझं खोटं बोलणं टोचायचं, पण बेतानंच. पेव रिकामंच होतं, मग मी पाहिलं म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, अशी मी स्वतःची समजूत घालायची.

रपटा उखडायला लागले ते थंडीचे दिवस होते. नदीत डबकी तेवढी उरली होती, आणि गाड्या पात्रातूनच ये-जा करत. पहारींनी निघालेले दगड गाड्यांत घालून आमच्या दारापुढे आणून टाकत होते. त्याच दगडांनी पेव बुजवायचं होतं. मिस्त्री मंगरूळपीरचा, पांढऱ्या दाढीचा, कामात कडक. त्यानं माती काढवली, फरशी सरकवली, आतून आलेला वास बंद जागेचा म्हणून सोडून दिला, आणि पेव किती खोल आहे ते बघायला एका तरण्या मजुराला उतरायला सांगितलं. मजुरानं धोतर खोचलं, काठावर बसला आणि एक पाय आत सोडला.

"उतरू नोको." बाबा ओट्यावरून म्हणाले.

मिस्त्री हसला. "काहून मालक? रिकामं हाय म्हन्ता नं तुमी? रिकाम्यात काय होते?"

मजुरानं दुसराही पाय आत टाकला. बाबा उठून उभे राहिले.

"रिकामं नाही," ते म्हणाले. "भरेल हाय. उतरला तं वर नाही येनार थो."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. ते कुणाकडेच बघत नव्हते. मजूर जागच्या जागी पाय वर घेऊन बसला. मिस्त्रीनं दोरीला कंदील बांधून खाली सोडला. तो हातभर गेला आणि विझला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा निघाल्यावर माणूस उतरला. पहिली टोपली वर आली ती काळी, ढेकळं झालेली ज्वारी. मग दुसरी, मग दहावी. वासानं डोळ्यांत पाणी येत होतं. रस्त्यातल्या गाड्या थांबल्या, गाडीवान खाली उतरले. त्या वर्षी ज्यांना बाबांनी हात हलवत परत पाठवलं होतं ती माणसंही गर्दीत होती. कोणीतरी बाबांच्या अंगावर धावून जाईल असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर कोणी जावं असंही वाटत होतं. कोणी गेलं नाही. एका म्हातारीनं मूठभर ज्वारी उचलली, हुंगली, आणि पुन्हा टोपलीत ठेवून हात पुसले.

आई बाहेर आली. तिनं ढीग पाहिला आणि ती हसली. त्या हसण्याची मला भीती वाटली. "तुमी बी तं उपाशीच निजत होते," ती बाबांना म्हणाली, "याच्याच उशाशी."

"तोंडातून एकदा 'नाही' निघून गेलं," बाबा म्हणाले. "मंग उघडू कसा?"

एवढंच. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, ज्वारी मातीमोल झाली, आणि खोटं उघडं पडेल म्हणून पेव तसंच राहिलं. एका शब्दापायी खंडोगणती धान्य जमिनीत काळं झालं आणि वर आम्ही तरोटा खाल्ला. असला कारभार मी नंतरच्या आयुष्यातही दुसरा पाहिला नाही.

पेव रिकामं झालं. मिस्त्रीनं दगडांची गाडी वळवून लावली, तर बाबा काठावर येऊन बसले, पाय आत सोडून. "माही बहीन आल्याबिगर बुजू देनार नाही," ते म्हणाले. मिस्त्रीनं समजावलं, ओव्हरसियरचा धाक घातला, शेवटी कपाळावर हात मारून म्हणाला, "परवाच्या दुपारपर्यंत थांबतो. मंग तुमाले उचलून बाजूले ठेवीन." चार वर्षांत बाबा स्वतः किन्हीराजाला गेले नव्हते. तेव्हाही गेले नाहीत. आमच्या म्हाताऱ्या सालदाराबरोबर बैलांच्या दमणीत बसवून त्यांनी मला पाठवलं.

आत्या वावरात कापूस वेचत होती. चार वर्षांत तिचे केस पिकले होते. वाटेत मी काय बोलायचं ते घोकत आले होते, पण तिला पाहिल्यावर सगळं एका दमात बाहेर पडलं: पेव भरलेलं निघालं, ज्वारी काळी झाली, मी आत कधी उतरलेच नव्हते, मी खोटं बोलले. ती ओटीतला कापूस गाठोड्यावर ओतत राहिली.

"मले तवाच मालूम होतं," ती म्हणाली.

मला कळेना. ती खाली बसली आणि तिनं मला समोर बसवलं.

"रिकामं पेव टाच मारली का वाजते, माय. त्याच जाग्यावर खेळून मोठी झाली मी. जाता जाता टाच मारून पायली. नाही वाजलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"कोनाले बोलू? दादानं तोंडावर नाही म्हटलं असतं तं भांडली असती. हक्काचं माहेर होतं माहं. त्यानं तुले पुढं केलं. आता फरशी काढा म्हटलं असतं तं गावासमोर खोटी कोन पडत होती? तू. सात वर्साच्या लेकराले खोटं पाडून जवारी नेऊ काय मी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसलं असतं. मला खोटं पडू द्यायचं नाही म्हणून ती कडेवरचं पोर घेऊन रिकामी परत गेली होती, आणि ते पोर राहिलं नाही. मला रडूही आलं नाही. मी मातीत बोटं खुपसून बसून राहिले. तिनंच मला उठवलं, घरी नेऊन भाकर खाऊ घातली, आणि निघताना म्हणाली, "मी येत नाही. बुजा म्हना. लोकाईचा रस्ता कायले अडवता?"

आम्ही परतलो तेव्हा ठरलेली दुपार झाली होती. बाबा काठावर तसेच बसले होते. मिस्त्री बाह्या सारून उभा, आणि नदीपासून दारापर्यंत गाड्या खोळंबलेल्या.

"आत्या येत नाही," मी म्हटलं. "बुजा म्हने." मग मला राहवलं नाही. "तिले तवाच मालूम होतं, बाबा. तिनं टाच मारून पायलं होतं."

ते दचकतील, त्यांचं तोंड उतरेल, असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त मान हलवली.

"मी पायलं होतं," ते म्हणाले. "दाराआडून. टाच मारली तिनं, अन् दाराकडे पायलं. मले वाटलं आता हाक मारन. हाक मारली तं बाहीर जातो, असं म्हनून उभा होतो मी. तिनं हाक नाही मारली."

त्यांचा आवाज दुखावलेल्या माणसाचा होता. चार वर्षं ते बहिणीवर रुसून बसले होते, तिनं हाक मारली नाही म्हणून. मला त्यांची कीव यायला हवी होती असं पुढं पुष्कळांनी मला सांगितलं. मला राग आला, आणि आज माझे केस त्या दिवशीच्या आत्यापेक्षा पांढरे झाले तरी तो गेलेला नाही.

"दारापासून तिच्यापर्यंत दहा पावलं बी नव्हती, बाबा," मी म्हटलं.

मी मिस्त्रीकडे वळले आणि म्हणाले, "भरा." अकरा वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतं? पण त्यानं ऐकलं. त्यानं गाडीवानाला खूण केली, दोघांनी बाबांना काखेत धरून बाजूला बसवलं, आणि रपट्याचे दगड आत पडायला लागले. पहिले काही दगड खाली जाऊन आदळले तेव्हा पेव चांगलंच वाजलं.