मोराची मान आणि शांताताईंची खळ

शांताताई बनसोडे यांची आणि माझी पहिली भेट स्टोव्हपाशी झाली. सोलापूरच्या आमच्या संशोधन ग्रंथालयात, जुन्या कागदांची दुरुस्ती करणाऱ्या विभागात मी रुजू झाले, त्या सकाळी ताई गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवत उभ्या होत्या. मी नमस्कार करून माझ्या पदवीविषयी काहीबाही सांगू लागले, तर त्यांनी माझ्या हाती पळी दिली. "आधी हे हलवा. हात थांबवू नका. गुठळी झाली तर टाकून द्यावी लागंल. पिठलं न्हाय करायचं आपल्याला." स्वागत एवढेच! पुढे त्यांच्या हाताखाली माझी सारी उमेदीची वर्षे गेली.

आज ताई पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. निवृत्तीनंतरही त्या नेमाने विभागात येत असत. गेल्या वर्षापासून हाताला कंप आला आणि त्यांनी येणे थांबवले. "आता माझा हात कागदाला लागला तर नुकसानच हुईल," एवढे बोलून त्यांनी आपला ब्रश धुऊन ठेवला. तो अजून तिथेच आहे. त्याविषयी मला त्यांना जाहीरपणे काही सांगायचे आहे, म्हणूनच या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले आहे.

ताईंचे मूळ गाव वळसंग. वडील गिरणीत लागले आणि कुटुंब शहरात आले. आई घरी सुताला खळ लावण्याचे काम करीत. त्यामुळे खळ केव्हा उतरवावी हे ताईंना लहानपणीच कळले. कागदाचे शास्त्र त्या पुढे रीतसर शिकल्या. कसर लागलेली पोथी असो की घडीवर फाटलेले वर्तमानपत्र, ते त्यांच्या टेबलावर आले की त्या आधी नुसत्या बघत बसत. आम्ही घाई केली तर म्हणत, "कागद इतकी वर्षं थांबलाय की, तुमी दोन दिस थांबा." त्यांचा नियम एकच होता. आपण केलेली दुरुस्ती उद्या कोणाला काढता आली पाहिजे, आणि कागदाचा जो भाग गेला तो गेलेला दिसला पाहिजे. आपल्या मनाने रंग भरायचा नाही. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन या दोन गोष्टींवर तर त्यांचा असा राग, की त्यांचे मानपत्र प्लॅस्टिकमध्ये घालू पाहणाऱ्या संयोजकांना मी वेळीच हात जोडले.

शिस्त कडक, पण माणूस दुखावायचा नाही. खंडेनवमीला आमचे कर्मचारी यंत्रांबरोबर ग्रंथांनाही हळदकुंकू वाहत. कुंकवाचा डाग कागदातून निघत नाही. ताई स्वतः बौद्ध. त्यांनी पूजेला नाव ठेवले नाही. प्रत्येक ग्रंथावर एक कोरा कागद पसरला आणि म्हणाल्या, "आता वाहा मनापासनं." ती रीत आमच्याकडे आजही चालू आहे. शेंगाचटणीचा डबा मात्र व्हरांड्यातच उघडायचा, आणि परतताना साबणाने धुतलेले हात त्यांना दाखवायचे. माझी आई टेंभुर्णीला आजारी होती तेव्हा त्याच डब्यात त्या तिच्यासाठी भाकरी बांधून देत. रिकामा डबा परत नेला की आधी आईची चौकशी, मग कामाची.

पण ताई मला खऱ्या कळल्या त्या नरसय्यामामांच्या मोरामुळे. मामा चादरींच्या नक्षीचे जुने कारागीर. बारीक चौकटी आखलेल्या मोठ्या कागदावर एकेक चौकट रंगवून ते नक्षी काढीत आणि तिच्यावरून मागावर चादर विणली जाई. त्यांच्या मुलीने हे कागद ग्रंथालयाला दिले. त्यांतल्या मोराच्या कागदाची घडी मानेवर पडलेली होती आणि नेमकी मानच कसरीने खाल्लेली. ताईंनी मागून साधा बदामी कागद लावून तो सावरला. मामांना थकव्यामुळे बाहेर पडणे होत नसे. तरी मुलगी त्यांना रिक्षातून घेऊन आली. मामांनी मोर पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मान न्हाय तर मोर कसला वो, ताई? द्या पेन्सिल. मीच काढलाय, मीच भरतो की."

ताईंनी नाही म्हटले. अगदी हळू आवाजात, पण नाही. मामा परत रिक्षात जाऊन बसले. त्या दुपारी ताईंनी डबा उघडला नाही. "तेंचाच मोर हाय," त्या मला म्हणाल्या, "आन मी तेंनाच न्हाय म्हनले." मला त्यांचा नियमही बरोबर वाटत होता आणि मामांचे दुःखही.

पुढच्या आठवड्यात ताईंनी मामांना पुन्हा बोलावले. मोकळ्या जागेच्या मापाचा, तशाच चौकटींचा पातळ कागदाचा तुकडा त्यांनी कापून ठेवला होता. तो आणि रंगीत पेन्सिली त्यांनी मामांपुढे ठेवल्या. मामांचा हात थरथरत होता, रंग चौकटीबाहेर जात होता. ताईंनी त्यांचा हात धरला नाही, की पुसायला रबर दिले नाही. दुपार कलली तेव्हा मान पुरी झाली. ताईंनी तो तुकडा फक्त वरच्या कडेला खळ लावून जागेवर बसवला.

आमचे ग्रंथपाल म्हणाले, "ताई, हे तर तुमच्याच नियमाविरुद्ध झालं."

"न्हाय सर. मूळ कागदाला पेन्सिल लागली न्हाय. उद्या कुनाला नको वाटलं तर ओला बोळा लावा, निघंल."

मामा मोराकडे बघत होते. "आता बसला," एवढेच म्हणाले. नंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

ताई, तो तुकडा काढावा असे आजवर कोणालाही वाटलेले नाही. मोर पाहायला येणारे आधी त्या वेड्यावाकड्या मानेपाशीच थांबतात आणि ती कोणी रंगवली असे विचारतात. मग मी तुमचे आणि मामांचे, दोघांचे नाव सांगते. मामांचा थरथरता हात तुम्हाला चालला. तुमचा आम्हाला चालणार नाही, हे तुम्हाला कोणी सांगितले? आम्हाला तुम्ही हव्या आहात. तुम्ही शंभरी पाहावी, नजर अशीच तीक्ष्ण राहावी, गुडघ्यांनी फार कुरकुर करू नये, हे तर या ग्रंथातला प्रत्येकजण मागेल आणि मीही मागते. पण माझे एक मागणे जास्तीचे आहे. सोमवारी सकाळी मी तुमचा ब्रश टेबलावर काढून आणि स्टोव्ह पेटवून ठेवते. तुम्ही या. या खेपेला पळी मी तुमच्या हाती देईन.