कुंकू न लागलेला मीटर

खंडेनवमीला आमच्या गल्लीतल्या सुमनताई आपल्या पिठाच्या गिरणीची पूजा करतात. चक्कीला, पट्ट्याला, वजनकाट्याला कुंकू लागतं. दरवर्षी विजेच्या मीटरलाही लागायचं. यंदा पाहिलं, तर भिंतीवरचा नवा मीटर तसाच कोरडा.

"ताई, मीटर राहिला."

"राहू दे. पूजा कामी येणाऱ्याची करायची. हा माझ्यावर नजर ठेवायला आलाय, कुठल्या तासाला किती वीज वापरली ते टिपतो. संध्याकाळी वीज महाग, म्हणे दुपारी दळा. दुपारी बाया कामावर असतात, त्याचं काय?"

विजेचा बाजार आता खुला झाला, दर बाजारच ठरवेल, असं सरकार सांगतं. मोठ्या कारखान्यांना वीज कुणाकडून घ्यायची याची निवड आहे. ताईंच्या गिरणीत मात्र एकच वायर येते. मग हा कसला खुला बाजार? आणि त्याचे नियम काय आभाळातून पडले? सरकारनेच लिहिले ना! लिहिण्याआधी एकदा संध्याकाळी या दारात येऊन उभं राहायचं होतं, हातात दळणाचा डबा घेऊन.

ताईंनी बोटावर उरलेलं कुंकू दारावरच्या जुन्या पाटीला ठसठशीत लावलं. पाटीवर लिहिलंय : गिरणी संध्याकाळी सहा ते नऊ.