शाळा सोडल्याचा दाखला

माझ्या साडूंइतका कायदा मानणारा आणि कायद्याने इतका छळलेला माणूस उभ्या नाशकात सापडणार नाही. मखमलाबादला त्यांची शेवंतीची शेती. एकुलत्या एक मुलीला, जुईला, तेरा वर्षांची होईपर्यंत त्यांनी घरीच शिकवलं. अपूर्णांक फुलांच्या क्रेटवर, नदीचा धडा त्र्यंबकेश्वरापासून थेट सायखेड्यापर्यंत मोटरसायकलवर. बरं, चोरून काही नाही. शिक्षणहक्क कायद्याची प्रत ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात बाळगतात आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा बाहेर काढतात. "साडूभाऊ, घरी शिकवू नका असं कुठं लिहिलंय? ठेवा बोट!" ते कलम शोधता शोधता माझी जिलेबी कितीदा गार झाली आहे.

गेल्या वर्षी सर्वेक्षणाला आलेल्या बाईंनी जुईचं नाव शाळाबाह्य मुलांच्या यादीत घातलं, तेव्हा साडू असे भडकले की बाईंना ओट्यावर बसवून जुईकडून पायथागोरसचा सिद्धांत सिद्ध करून घेतला. बाईंनी चहा घेतला, जुईला शाबासकी दिली आणि नाव तसंच ठेवलं. "दादा, शाळेत किंवा शाळाबाह्य. घरी शिकते, असा रकानाच नाही ओ." एरवी मला साडूंचा राग येतो, पण त्या दिवशी कायद्याचाच आला. धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही, बापाला नुसता टांगून ठेवतो!

पुढे दहावीला बाहेरून बसवायचं तर कागद काय लागतात, हे विचारायला त्यांनी मलाही ओढून नेलं. बोर्डाच्या खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, "शाळा सोडल्याचा दाखला."

"अहो, ती शाळेत गेलीच नाय!"

"मग गेली नाही, असं शाळेकडून लिहून आणा."

साडू तिथे तासभर भांडले आणि घरी येताना तोडगा घेऊन आले. दाखल्यासाठी जुईला शाळेत घालायचं आणि आठवड्याने काढायचं. वयाप्रमाणे वर्गात प्रवेश द्यावाच लागतो, हे कलम त्यांना पाठ होतं. सोमवारी जुई आठवीत बसली. पुढच्या सोमवारी आम्ही शाळेच्या ऑफिसात दाखल्याचा अर्ज भरत होतो, तेवढ्यात ती मैत्रिणीचा हात धरून दारात आली.

"पप्पा, मला नाय सोडायची शाळा."

साडूंनी पेनाला टोपण लावलं. आता शाळेचा, सरकारचा उद्धार होणार म्हणून मी सरसावून बसलो होतो, पण ते गुपचूप उठले. फाटकाबाहेर गाडीला किल्ली लावून नुसतेच उभे राहिले. मी मागोमाग गेलो.

"घनमूळ घेणार होतो तिचं उद्या," ते म्हणाले. "दोन दिवस मीच आधी शिकत होतो ओ ते."