तो उंदीर घर गया का?

लोणखेड्याच्या आमच्या फार्मसी कॉलेजात किस्से साठत जातात ते एकाच कारणाने. तिथे कोणाचा कोणावर विश्वास नाही! कामच तसं आहे. उंदराला भूल देऊन त्याच्या हृदयाची एक रक्तवाहिनी बारीक दोऱ्याने बांधायची, की झाला हार्ट अटॅक. मग औषध द्यायचं आणि सोनोग्राफीवर बघत बसायचं, रक्त पुन्हा पोचतंय का.

नेमक्या याच दिवसांत माझ्या वडिलांना, आबांना, खराखुरा झटका येऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "नाशिकला नेऊन लवकर अँजिओग्राफी करा, दुसरा झटका झेपणार नाही." आबा म्हणाले, "नही!" जन्मभर एसटीत कंडक्टर. त्यांच्या लेखी प्रत्येक माणूस बिनतिकिटाचा, त्यात डॉक्टरही आले.

*

सोनोग्राफीआधी उंदराच्या छातीवरचे केस काढावे लागतात. त्यासाठी बायका वापरतात तेच क्रीम. शहाद्याच्या मेडिकलमधून मी ते सारखं नेतो. एकदा दुकानदाराने माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, क्रीम सूट होतंय ना?"

तिने ते क्रीम कधी पाहिलेलंसुद्धा नाही. घरी आल्या आल्या विचारते, "कोन शे ती?"

"अगं, उंदीर शे!"

ती तडक माहेरी. शेवटी मी पुरावा म्हणून छाती साफ केलेल्या उंदराबरोबरचा माझा फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "हाऊ फोटो कोनी काढा?"

*

कॉलेजला लागून जगनभाईंचा ऊस आहे. ऊस कुरतडला की ते थेट आमच्याकडे. एकदा पिशवीत मेलेला उंदीर घेऊनच आले. "हाऊ तुमनाच!"

मी म्हटलं, "जगनभाई, आमचे पांढरे असतात. हा काळा."

जगनभाईंनी वर तळपत्या उन्हाकडे बोट दाखवलं. "उनमा ऱ्हाईसन काया पडना!"

*

आमच्या मॅडम सगळ्यांच्या वरताण. कोणत्या उंदराला औषध दिलंय आणि कोणाला नुसतं पाणी, हे फक्त त्यांना ठाऊक. तपासणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर त्याला हवं तेच दिसतं. पण मॅडमना वाटायचं, मी स्क्रीनऐवजी त्यांचा चेहरा वाचतो. म्हणून त्या मास्क लावायला लागल्या. मग म्हणाल्या, "तू डोळ्यांवरून ओळखतोस." दुसऱ्या दिवशी गॉगल!

तेवढ्यात प्राचार्य दारात आले. गॉगल पाहून म्हणाले, "डोळे आलेत का?" आणि उंबऱ्यावरूनच परत गेले. पुढे बरेच दिवस आमच्या लॅबकडे कोणी फिरकलं नाही. मॅडमना म्हणे इतकी शांतता कधीच मिळाली नव्हती.

*

इकडे आबा जिना चढताना मध्येच थांबायचे, छातीवर हात ठेवायचे आणि सांगायचे, "काई नही, चप्पल सैल शे." शेवटी मी मोबाइलवर त्यांना एका उंदराच्या हृदयाची क्लिप दाखवली. औषधाआधी काळा पडलेला भाग, औषधानंतर उजळलेला.

आबांनी चष्मा लावून पाहिलं. "यामा उंदीर दिखत नही. काय माहीत कोनं काळीज शे!"

नेलं त्यांना लॅबमध्ये. उंदीर पाहिला, स्क्रीन पाहिला, मशीनच्या मागे वाकून वायरसुद्धा पाहिली. परतताना, प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावर, अचानक म्हणाले, "नाशिकले कव्हय जानं शे?"

मला रडू आलं. गाडी चालवत होतो म्हणून आवरलं.

*

नाशिकच्या दवाखान्यात आबा स्ट्रेचरवर. आत न्यायला नर्स आली, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"भाऊ, तो उंदीर. त्यानं रगत चालू व्हयनं ना?"

"व्हयनं, आबा."

"मंग तो घर गया का?"

आमच्याकडून कुठलाच उंदीर परत जात नाही. स्क्रीनवरचं खरं की खोटं हे शेवटी हृदय कापूनच बघावं लागतं, आणि त्यासाठी उंदराला कायमचं झोपवतात.

"गया," मी म्हणालो.

आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हातातलं घड्याळ काढून त्यांनी माझ्या मुठीत दिलं.

"खोटं बोली ऱ्हायना तू," ते म्हणाले आणि आतल्या दाराकडे बोट करत नर्सकडे वळले. "चाल माय, लई चाल मले मझार."